उपग्रह गप्प झाले की रॉकेटला वाट कोण दाखवतं?

पुलगावला सैन्याचं दारूगोळ्याचं भांडार आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आयुधनिर्माणी आहेत, आणि नागपूरच्या अंबाझरीत पिनाकाची रॉकेटं बनत आली आहेत. त्यामुळे आपल्याकडे कितीतरी घरांतलं कुणीतरी 'फॅक्टरीत' असतं, आणि टपरीवर चहा पितापिता रॉकेटाची गोष्ट निघाली तर कुणाला नवल वाटत नाही. नवी गोष्ट आहे ती रॉकेटाच्या पुढच्या भागात बसणाऱ्या यंत्रणेची. जुनं पिनाका सोडलं की सुटलं. मग वाऱ्याने थोडं ढकललं, इंजिन थोडं कमीजास्त जळलं, तर ते जिथे पडेल तिथे पडेल. गायडेड पिनाका उडता उडताच आपली वाट दुरुस्त करतं. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने त्याच्या चाचण्यांच्या वेळी मारा ७५ किलोमीटर सांगितला होता, आणि रॉकेटातल्या दिशादर्शन यंत्रणेला 'नाविक' या आपल्या उपग्रहांचीही मदत मिळते असं म्हटलं होतं.

यावर टपरीवरचं उत्तर ठरलेलं: "म्हणजे जीपीएस बसवला." हे अर्धंच खरं आहे. रॉकेट, लढाऊ विमान, पाणबुडी यांची वाट मुळात आतलंच एक यंत्र ठरवतं. त्याला बाहेरचं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. उपग्रह त्या यंत्राच्या चुका काढून देतात. या दोघांची जोडी कशी लागते ते एकदा कळलं, की युक्रेनमधल्या जॅमिंगच्या, म्हणजे उपग्रहांचे संदेश गोंगाटाने बुडवण्याच्या, बातम्यांपासून वावरातल्या फवारणीच्या ड्रोनपर्यंत बरंच काही उलगडतं.

आधी उपग्रहांचं बघू, कारण ते सोपं आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो: मी आत्ता इथे आहे, आणि माझ्या घड्याळात आत्ता एवढे वाजले. तो संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. आपल्या फोनमधलं घड्याळ तेवढं पक्कं नसतं. त्यामुळे जागेचे तीन आकडे आणि घड्याळाची चूक हा चौथा, असे चार आकडे काढायला किमान चार उपग्रह लागतात. बस, एवढंच.

यातली गोम अशी की हा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फारच क्षीण होतो. एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. साधारण तेवढीच शक्ती आपल्या ॲन्टेनाला मिळते. मग शत्रूने त्याच फ्रिक्वेन्सीवर थोड्या वॅटचा गोंगाट जरी सुरू केला, तरी आजूबाजूच्या मोठ्या टापूत उपग्रह ऐकूच येईनासे होतात. हे जॅमिंग. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी ते रोजचं झालं आहे; जीपीएसच्या मदतीने नेम साधणाऱ्या अमेरिकी एक्सकॅलिबर तोफगोळ्यांची अचूकता रशियन जॅमिंगमुळे घसरल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या. दुसरा प्रकार याहून लबाड, त्याला स्पूफिंग म्हणतात. गोंगाट करायचा नाही, उपग्रहासारखाच हुबेहूब पण खोटा संदेश पाठवायचा. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातल्या कित्येक जहाजांचे जीपीएस सांगू लागले की आपण रशियातल्या गेलेंजिकच्या विमानतळावर उभे आहोत. जहाजं अर्थातच पाण्यात होती.

शिवाय हे उपग्रह परक्याचे. जीपीएस अमेरिकी सैन्याचं आहे, आणि नागरी वापराच्या संदेशात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. ती मे २००० मध्ये बंद झाली. ज्याच्या हातात बटण आहे त्याच्या भरवशावर क्षेपणास्त्र सोडणं कुठल्याच देशाला परवडत नाही. आपण नाविक उभारलं ते यासाठी.

पण जॅमिंग नसतं आणि उपग्रह आपलेच असते, तरी नुसत्या त्यांच्यावर रॉकेट चाललं नसतं. साधा रिसीव्हर सेकंदाला एक ते दहा वेळा जागा सांगतो. रॉकेटाचे पंख हलवणाऱ्या यंत्रणेला सेकंदाला शेकडो वेळा माहिती हवी असते, आणि नुसती जागा पुरत नाही: नाक कुठे आहे, किती कललं आहे, गिरकी किती वेगाने घेतं आहे, हे सगळं हवं. एका ॲन्टेनाचा रिसीव्हर यातलं काहीच थेट सांगत नाही.

म्हणून आतलं यंत्र. त्याला इनर्शियल यंत्रणा म्हणतात. तिच्यात तीन ॲक्सिलरोमीटर असतात, लांबी, रुंदी, उंची या तीन दिशांनी. ते वेगात होणारा बदल मोजतात. आणि तीन जायरो, जे वळणं मोजतात. सुरुवातीची जागा, वेग आणि दिशा माहीत असली की पुढचा सगळा हिशेब आतल्या आत होतो.

कल्पना करा, ओलिताची लाईन रात्रीचीच आहे आणि एक शेतकरी रात्री दोन वाजता मोटर लावायला निघाला आहे. अमावस्या आहे, टॉर्चचा सेल गेला आहे. पांदणीने तो पावलं मोजत जातो: इतकी सरळ, मग डावीकडे वळायचं, मग धुऱ्याने इतकी. पाऊल थोडं आखूड पडत असेल तर विहिरीशी पोचेपर्यंत चूक साठत जाते. वळण थोडं चुकलं तर आणखी वाईट, कारण त्यानंतर प्रत्येक पावलागणिक तो आपल्या वावरापासून लांब जातो आणि शेवटी दुसऱ्याच्याच पऱ्हाटीत शिरतो. मध्येच दूरवर देवळाचा दिवा दिसला तर त्यावरून आपण कुठे आहोत ते ताडता येतं. पावलं म्हणजे इनर्शियल यंत्रणा, दिवा म्हणजे उपग्रह. आणि खरा हुशार माणूस दिवा दिसल्यावर आणखी एक गोष्ट ताडतो: आपलं पाऊल आज नेहमीपेक्षा आखूड पडतंय. मग दिवा झाडाआड गेला तरी त्याचा पुढचा हिशेब सुधारलेला असतो.

ही शेवटची गोष्टच या सगळ्याचा गाभा आहे, पण आधी चूक साठते म्हणजे किती, ते पाहू. हे घरी करून बघता येतं. फोनमधल्या सेन्सरचे आकडे दाखवणारी ॲप फुकट मिळतात. फोन टेबलावर सपाट ठेवा. उभ्या दिशेचा आकडा ९.८ च्या आसपास दिसेल, ते गुरुत्वाकर्षण. आडव्या दोन दिशांना शून्य दिसायला हवं. दिसत नाही. समजा एका दिशेला ०.०३ दिसलं. फोन बिचारा जागचा हललेला नाही, पण त्याचा हिशेब म्हणतो की वेग दर सेकंदाला ०.०३ मीटर प्रति सेकंदाने वाढतो आहे. या चुकीने वेग वाढतो, वाढलेल्या वेगाने अंतर वाढतं, म्हणून जागेतली चूक काळाच्या वर्गाने फुगते. एका मिनिटात ५४ मीटर. दहा मिनिटांत ५.४ किलोमीटर. टेबलावरचा फोन गाव ओलांडून गेला!

आता गंमत बघा. हे ०.०३ सेन्सरच्या चुकीमुळे आलं की टेबल एका बाजूला कललं आहे म्हणून? एकाच आकड्यावरून ते सांगता येत नाही, कारण टेबल जरासं कललं तरी गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग आडव्या दिशेत सांडतो. मग फोन तिथल्या तिथे अर्धा फिरवा, डोकं होतं तिकडे पाय. टेबलाच्या कलण्याचा भाग उलट्या चिन्हाने दिसेल, सेन्सरची स्वतःची चूक मात्र तशीच राहील. आधी ०.०३ होतं आणि फिरवल्यावर उणे ०.०१ आलं, तर दोन्हींची सरासरी ०.०१ ही सेन्सरची चूक, आणि उरलेलं ०.०२ टेबलाच्या माथी. फोन फिरवल्याशिवाय हे दोन दोष वेगळे होत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच कारणाने जायरोची चूक ॲक्सिलरोमीटरच्या चुकीपेक्षा जास्त महागात पडते. जायरोने कल मोजताना एका अंशाची चूक केली, तर गुरुत्वाकर्षणाचे ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग हे प्रवेगाच्या नावावर जमा होतात. त्यातून पहिल्याच मिनिटात ३०० मीटरवर घोळ होतो. म्हणून या धंद्यातला सगळा पैसा जायरोत ओतलेला असतो. पूर्वी वेगाने फिरणारी चाकं असत. नंतर रिंग लेझर जायरो आले: बंद वाटेवर दोन लेझर किरण उलटसुलट सोडायचे, यंत्र फिरलं की दोघांच्या वाटेत नगण्य फरक पडतो, तो मोजायचा. सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा परिणाम १९१३ मध्येच दाखवला होता. फायबर ऑप्टिक जायरो त्याच तत्त्वावर, फक्त किरण काचतंतूच्या लांबलचक गुंडाळीतून जातात. आणि आपल्या फोनमध्ये असतात ते मेम्स, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले थरथरणारे सूक्ष्म भाग. स्वस्त, हलके, दणके सोसणारे, आणि चुकणारे.

किती चुकणारे? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विमानातला चांगला जायरो तासाला सुमारे ०.०१ अंशाने चुकतो, म्हणजे जमिनीवर गुमान बसून त्याला पृथ्वीचं फिरणं कळतं आणि त्यावरून उत्तर दिशा कुठे ते तो स्वतःच शोधतो, होकायंत्राशिवाय. फोनमधला जायरो तासाला शेकडो अंशही चुकू शकतो. पृथ्वीचं फिरणं त्याच्या चुकीत बुडून जातं. एवढा भारी जायरो असूनही विमानातली यंत्रणा उपग्रहाशिवाय तासाभरात साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर भरकटते. तरी हे काही कमी नाही. १९५८ मध्ये अमेरिकेची नॉटिलस पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली तेव्हा दिशादर्शनाचा एकही उपग्रह आकाशात नव्हता. इनर्शियल यंत्रणेच्या भरवशावर ती पलीकडे निघाली.

साठत जाणाऱ्या चुकीशी झगडा आपल्या मातीत याहून जुना आहे. हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. हिंदुस्थानचं महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण, म्हणजे देशाची त्रिकोणांनी केलेली मोजणी, त्याने सुरू केलं, आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना तो तिथेच वारला. त्याची पद्धत अशी: त्रिकोणाला त्रिकोण जोडत शेकडो मैल जायचं, आणि ठरावीक टप्प्यावर पुन्हा जमिनीवर साखळी टाकून एक रेषा प्रत्यक्ष मोजायची, ताऱ्यांवरून अक्षांशही काढायचा. हिशेबाने आलेली लांबी आणि मोजलेली लांबी यात फरक पडला तर मधल्या चुका वाटून टाकायच्या. बाहेरचा स्वतंत्र पुरावा अधूनमधून घ्यायचा आणि त्यावरून आतला हिशेब सुधारायचा. हे सूत्र तेव्हाही तेच होतं.

आज ते काम सेकंदागणिक होतं, आणि करणाऱ्या गणिताचं नाव कालमन फिल्टर. हंगेरीत जन्मलेल्या रुडॉल्फ कालमनने ते १९६० मध्ये मांडलं. नासाच्या स्टॅन्ली श्मिटने ते उचलून धरलं आणि चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या दिशादर्शनात ते वापरलं गेलं. नाव जड आहे, विचार साधा आहे. इनर्शियल यंत्रणा म्हणते, मी इथे आहे, तीन मीटर इकडेतिकडे. उपग्रह म्हणतात, तू तिथून दहा मीटर पुढे आहेस, सहा मीटर इकडेतिकडे. सामान्य माणूस मधला बिंदू धरेल, पाच मीटर. फिल्टर तसं करत नाही. ज्याचा भरवसा जास्त त्याला वजन जास्त, आणि तेही भरवशाच्या वर्गाने: इथे चारास एक. म्हणून तो उपग्रहाच्या दिशेने फक्त दोन मीटर सरकतो. आणि नव्या जागेबद्दलची शंका २.७ मीटरवर येते, दोघांपैकी कुणाहीपेक्षा कमी.

इथपर्यंत बहुतेक लेख सांगतात आणि थांबतात. मला वाटतं खरी करामत पुढे आहे. फिल्टर जागा तर सुधारतोच, शिवाय फरक का पडला याचा दोष कुणाच्या माथी मारायचा तेही ठरवतो. फरक दर वेळी एकाच दिशेला पडतोय आणि काळाच्या वर्गाने वाढतोय? मग पुढच्या दिशेचा ॲक्सिलरोमीटर ०.०३ जास्त दाखवत असणार. वाहन वळल्यावर फरकही वळला? तर संशय पक्का. अशी पंधरा-वीस दोषांची यादी तो आत सांभाळतो आणि प्रत्येक नव्या मोजमापाने ती ताजी करतो. याचा फायदा जॅमिंग सुरू झाल्यावर कळतो. ०.०३ ची चूक न शिकलेली यंत्रणा उपग्रह गेल्यावर दोन मिनिटांत २१६ मीटर भरकटेल. शिकून ०.००१ वर आणलेली यंत्रणा तेवढ्याच वेळात सुमारे सात मीटर. सेन्सर तोच, पैसे तेच.

पण शिकायला हालचाल लागते. टेबलावरचा फोन आठवा: न फिरवता कल आणि चूक वेगळे होत नाहीत. विमान सरळ रेषेत एका वेगाने उडत असेल तर फिल्टरचीही तीच पंचाईत होते. म्हणून विमानाखाली टांगलेलं अस्त्र सोडण्याआधी वैमानिक मुद्दाम डावी-उजवी वळणं घेतात. त्या वळणांत अस्त्रातली छोटी यंत्रणा विमानातल्या मोठ्या यंत्रणेकडे बघून आपले दोष शिकून घेते.

जोडी लावण्याचे तीन प्रकार आहेत, थोडक्यात सांगतो. सैल जोडीत रिसीव्हर स्वतः जागा काढतो आणि फिल्टरला देतो. चारपेक्षा कमी उपग्रह दिसले की तो गप्प. घट्ट जोडीत प्रत्येक उपग्रहाचं अंतर सुटंसुटं फिल्टरला जातं, म्हणून दोनच उपग्रह दिसले तरी काहीतरी उपयोग होतो. दरीतून उडताना हे मोलाचं. खोल जोडीत मदत उलट्या दिशेनेही वाहते: आपण किती वेगाने कुठे चाललो आहोत हे इनर्शियल यंत्रणा रिसीव्हरला सांगते, त्यामुळे त्याला गोंगाटातही नेमकं कुठे कान लावायचा ते कळतं.

स्पूफिंग पकडायलाही हीच जोडी कामी येते. उपग्रह म्हणाले की एका सेकंदात तू दोन किलोमीटर सरकलास, आणि ॲक्सिलरोमीटरला साधा धक्काही जाणवला नाही, तर फिल्टर उपग्रहांना त्या वेळेपुरतं खोटं ठरवतो. मुरलेला शत्रू मात्र एकदम ओढत नाही, हळूहळू वाटेवरून सरकवतो, आणि फिल्टर ती ओढ स्वतःच्या सेन्सरची चूक समजून 'शिकतो' सुद्धा. शिकणाऱ्याला खोटंही शिकवता येतं. त्यामुळे सैन्याला सांकेतिक कुलूप घातलेले उपग्रहसंदेश लागतात, आणि जॅमरच्या दिशेला कान बंद करणारे खास ॲन्टेनाही.

कुठल्या अस्त्रात किती भारी यंत्र घालायचं ते उड्डाणाच्या वेळेवर ठरतं. तोफगोळा, रॉकेट काही मिनिटांत संपतं, दणका मात्र प्रचंड सोसतं; तिथे छोटा, मजबूत सेन्सर आणि उपग्रहांची साथ पुरते. अग्नी-५ सारख्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रात रिंग लेझर जायरोची यंत्रणा असते. पाण्याखाली आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या पाणबुडीला उपग्रह ऐकूच येत नाहीत, तिथे सर्वात महागडं. आणि नाविकचं म्हणाल, तर त्याची तब्येत मधल्या काळात नाजूकच राहिली आहे: सुरुवातीच्या उपग्रहांतली कित्येक परदेशी अणुघड्याळं बंद पडली, मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ हा नाविकचा नवा उपग्रह देशी घड्याळ घेऊन गेला, पण जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. दिव्याचीच अशी खात्री नसेल तर पावलं पक्की करण्यावर खर्च करणं शहाणपणाचं, असं माझं मत. त्यातही अडचण अशी की उपग्रहांचा नागरी संदेश जगात कुणालाही फुकट मिळतो, चांगला जायरो मात्र बाजारात सहज मिळत नाही. क्षेपणास्त्राला लागणारे जायरो निर्यातबंदीच्या याद्यांत असतात. अशा निर्यातीवर लगाम ठेवणाऱ्या देशांच्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात भारत २०१६ मध्ये गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून हैदराबादचं 'रिसर्च सेंटर इमारत' हे डीआरडीओचं केंद्र स्वतःच्या इनर्शियल यंत्रणा बनवत आलं आहे, कारण दुसरा इलाज नव्हता.

आता आपल्या वावरातलं. तुरीवर, पऱ्हाटीवर फवारणी करणाऱ्या ड्रोनमध्येही हीच जोडी असते, स्वस्तातली: मेम्स सेन्सर, उपग्रह रिसीव्हर आणि त्याच कालमन कुळातला फिल्टर. उपग्रह गेले तर तो सरळ उभा राहू शकतो, कारण तेवढं जायरोला जमतं. पण जागा धरून ठेवणं त्याला काही सेकंदच जमतं, मग वारा नेईल तिकडे सरकतो, आणि चालवणाऱ्याला हाताने सांभाळावा लागतो. बॅटरी लावल्यावर ड्रोन धुऱ्यावर थोडा वेळ नुसताच बसून राहतो, तेव्हा तो जायरोचं शून्य शिकत असतो. आपण अजिबात फिरत नाही आहोत असं धरून जे काही आकडे येतात ती त्याने चूक म्हणून नोंदवायची असतात. त्याच वेळी कुणी टाकी नीट बसली का म्हणून ड्रोन हलवला, तर खरी हालचाल चूक म्हणून नोंदली जाते, आणि मग एक तर ड्रोन उडायलाच नकार देतो किंवा उडाला की तिरपा जातो. चालवणारी पोरं म्हणूनच बॅटरी लावताक्षणी ओरडतात: "ओ काका, हात नोको लावू ना त्याले!"